टंचाई: एक सोयीचा शब्द





मार्च महिन्यात दोन तारखा अगदी शेजारीशेजारी येतात. २० मार्च हा महाडच्या सत्याग्रहाचा दिवस. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. २२ मार्च हा जागतिक जल दिन, संयुक्त राष्ट्रांनी १९९३ पासून सुरू केलेला. इथं अमिरातीत आपली मुलं ज्या शाळांत जातात तिथं २२ मार्चला पोस्टर लागतात. निळा थेंब, गळणारा नळ, भेगाळलेली जमीन. २० मार्चची वंदना आपण कुणाच्या तरी घरी नाहीतर झूमवर करतो. मुलं दोन्हीकडे असतात, पण हे दोन दिवस एकाच पाण्याचे आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधीच कबूल करतो, मी भिक्खू नाही आणि पालीचा पंडितही नाही. एम. टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये आलेला, शारजाहून रोज दुबईच्या ट्रॅफिकमध्ये बसणारा साधा उपासक आहे. महिन्यातून दोन रविवारी आमच्याकडे मुलांचा धम्मवर्ग असतो. त्रिशरण-पंचशील, दहा मिनिटं आनापान, मग एखादी गोष्ट. यंदा मार्चमध्ये माझ्या मुलीला शाळेतून पाण्याच्या टंचाईवर प्रकल्प मिळाला. ती नववीत आहे. म्हटलं, आपल्या वर्गातही हाच विषय घेऊ.

पहिला प्रश्न मी विचारला, पाणी कुठून येतं? लहानांनी सांगितलं, नळातून. एक म्हणाला, बाटलीवाल्या काकांकडून. चौथीतल्या एका मुलीला बरोबर माहीत होतं: समुद्रातून, कारखान्यात मीठ काढून टाकतात. मग मी फळ्यावर आकृती काढली. पडद्यातून दाबानं पाणी कसं ढकलतात, त्याला वीज किती लागते, उरलेलं जास्त खारट पाणी परत आखातात कसं सोडतात, आणि हे आखात मुळातच बाहेरच्या महासागरापेक्षा खारट कसं आहे. अबुधाबीतल्या तवीलाचा एकच प्रकल्प दिवसाला ९ लाख घनमीटरांहून जास्त पाणी गोडं करू शकतो. लिवाच्या वाळवंटात तर असं गोडं केलेलं सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर पाणी जमिनीच्या पोटात साठवून ठेवलं आहे. संकट आलं तर दहा लाख माणसांना ९० दिवस पुरेल इतकं.

दुसरा प्रश्न असा. दुबईत वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मराठवाड्यात साधारण ७०० मिलिमीटर पडतो. टंचाई कुठं असेल? सगळे एका सुरात म्हणाले, दुबईत!

मग मी एप्रिल २०१६ चे फोटो दाखवले. लातूर शहराचं पाणी मांजरा धरणातून यायचं. ते कोरडं पडलं. मिरजेहून रेल्वेच्या टँकरांतून कृष्णेचं पाणी लातूरला आणावं लागलं. गाडीचं नाव होतं जलदूत. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. त्याआधी मार्चमध्येच लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं. पाण्याच्या टाकीपाशी पाच माणसांनी जमायचं नाही!

सातवीतल्या एका मुलानं विचारलं, “पण काका, पाऊस जास्त पडतो तिथं ट्रेन का लागली?”

मला वाटतं, पाण्याच्या कुठल्याही धड्यातला खरा प्रश्न हाच आहे. शाळेच्या पोस्टरवर तो येत नाही. तिथं टंचाई आकाशातून पडते आणि दात घासताना नळ बंद केला की संपते. नळ बंद करावाच, त्याबद्दल वाद नाही. पण टंचाई ही हवामानाची बातमी नव्हे. पाणी असणं ही एक गोष्ट आणि पाणी मिळणं ही दुसरी. मराठवाड्यात कमी पावसाची वर्षं येतात हे खरंच आहे. पण तिथं ऊस आहे, आणि राज्यातल्या शेतजमिनीच्या अगदी लहान हिश्श्यावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. बोअर शंभर फुटांचे होते ते कित्येक शे फुटांवर गेले. लिवाला माणसं जमिनीत पाणी भरून ठेवतात, आमच्याकडे हजारो वर्षांचं साठलेलं उपसून संपवतात. इथं पैसा आणि वीज आहे म्हणून वाळवंटात कारंजी उडतात. त्याची किंमत समुद्र आणि हवा मोजतात, हेही मुलांना सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटायचं की दुबईनं हा प्रश्न कायमचा सोडवला.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला तो याच कामाचा आहे. हे असल्यामुळे ते होतं, हे नसेल तर ते होत नाही. आमच्या धंद्यात सिस्टिम बंद पडली की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. नेटवर्कला बोलता येत नाही, म्हणून दोष त्याच्यावर. दुष्काळात तसंच पावसाचं होतं.

इथंही २०२४ च्या १६ एप्रिलला आपण हे पाहिलं. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथं चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींमध्ये एवढा पाऊस नव्हता. आमच्या इमारतीखाली कमरेएवढं पाणी, गाड्या तरंगत होत्या आणि आम्ही अकराव्या मजल्यावर नळ उघडून बसलो होतो. पंप बंद, त्यामुळे थेंब नाही. खाली समुद्र आणि वर तहान! दोन दिवस शेजारपाजारचे लोक जिन्यानं पिण्याचं पाणी चढवत होते. कोण कुठल्या देशाचा आणि कुठल्या धर्माचा, कुणी विचारलं नाही. मुलांना तो दिवस लख्ख आठवतो. भरपूर पाऊस आणि कोरडा नळ एकत्र कसे असू शकतात हे मला त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आता इथून पुढं मला अवघड जातं.

माझं गाव मांजरेच्या खोऱ्यात आहे. गेली पंधरा वर्षं मी ऑफिसात, मुलांच्या शाळेत, शेजाऱ्यांना सांगत आलो की आमच्या गावात पाण्याची फार टंचाई होती, आजी लांबून पाणी आणायची. ऐकणारे हळहळतात. गोष्ट खोटी नाही. पण मी त्यातला एक भाग नेहमी गाळतो. आजीच्या घरापासून शंभर पावलांवर विहीर होती. १९७२ च्या दुष्काळातही तिला थोडं का होईना पाणी होतं. आजीला त्या विहिरीवर चढता येत नव्हतं. घागर खाली ठेवून, हात जोडून, कुणी वरून ओतेल याची वाट पाहायची. ज्या दिवशी कुणाला दया यायची नाही त्या दिवशी नदीकडे चालायचं. दिवसभर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, संध्याकाळी मिलोची लाल भाकरी, आणि पाण्यासाठी अंधारात ही पायपीट. माझ्या लहानपणी वस्तीत हापसा आला होता, पण एप्रिलात तो कोरडा खडखडायचा आणि टँकर आधी गावात रिकामा होऊन मग आमच्याकडे वळायचा. तळाचं, गढूळ पाणी आमचं.

याला मी पंधरा वर्षं टंचाई म्हणत आलो. किती सोयीचा शब्द आहे! त्यात कुणी अडवणारा नसतो. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही आणि सांगणाऱ्याला आपली जात सांगावी लागत नाही.

त्या रविवारी वर्गात मी पहिल्यांदा विहिरीसकट गोष्ट सांगितली. बाबासाहेबांच्या शाळेतली आठवणही सांगितली, की त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपायानं नळ उघडला तरच पाणी मिळायचं आणि शिपाई आला नाही तर त्या दिवशी तहानलेलं घरी जायचं. मग महाड. १९२३ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळं आपलं होतं. प्रत्यक्षात १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, असं धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवलं आहे. भरलेल्या तळ्याच्या गावात! ओंजळभर पाणी घेतल्यावर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. ठरावापासून ओंजळीपर्यंत आणि ओंजळीपासून निकालापर्यंत अशी चौदा वर्षं गेली.

वर्ग संपल्यावर चहा घेताना एक पालक मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, राग मानू नका. पण मुलांना हे कशाला? इथं कोण जात विचारतो? त्यांना पर्यावरण शिकवा, जगाला उपयोगी पडेल असं काहीतरी शिकवा. आपण एवढे लांब आलो ते हे मागं टाकायलाच ना?”

मला राग आला नाही, कारण पंधरा वर्षं मी हेच करत होतो. आणि त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्यही आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या मनात भीती किंवा द्वेष भरणं हा धम्म नव्हे. पण मला त्यांना एक विचारावंसं वाटलं. पर्यावरण आणि विहीर हे दोन वेगळे विषय आहेत, हे आपल्याला कुणी शिकवलं?

निदान तथागतांनी तर नाही. रोहिणी नदीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यामधून वाहणारी नदी. आजही ती नेपाळातून उतरते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. धम्मपदाच्या अट्ठकथेत ही गोष्ट येते. ज्येष्ठाचा महिना, पिकं माना टाकू लागलेली. दोन्ही काठांवरचे मजूर म्हणतात, पाणी दोघांना पुरायचं नाही, आमचं पीक एका पाण्यात येईल, आम्हाला घेऊ द्या. इथवर हा पाण्याचा वाद आहे. पण दोन-चार वाक्यांतच ते एकमेकांच्या कुळावर घसरतात, कोण कुठल्या वंशाचा आणि कसल्या जन्माचा ते काढतात. मग गोष्ट अमात्यांकडे जाते, तिथून राजांकडे आणि सैन्यं समोरासमोर उभी राहतात. तथागत येऊन विचारतात, भांडण कशावरून? राजांना सांगता येत नाही. सेनापतीला विचारा, उपराजाला विचारा, असं करत करत प्रश्न पुन्हा खाली मजुरांपर्यंत पोचतो आणि ते सांगतात, पाण्यावरून. वरच्या कुणालाच कारण ठाऊक नव्हतं! मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो, पण हा तपशील या वेळी नव्यानं दिसला. पाणी कमी पडलं की पहिली बाहेर येते ती जन्माची शिवी. अडीच हजार वर्षांपूर्वीही हे असंच होतं, म्हणून पाण्याच्या धड्यात जात मी बाहेरून घुसडलेली नाही. ती तिथं आधीपासूनच होती.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी या नदीला आणखी मोठी जागा दिली. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थानं घर सोडण्याचं कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसणं हे नाही, रोहिणीच्या पाण्याचा तंटा हे आहे. संघाच्या सभेत युद्धाचा ठराव येतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि सुचवतो की दोन माणसं आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी वाटणी ठरवावी. बहुमत युद्धाच्या बाजूनं जातं. सिद्धार्थ परिव्राजक होतो. पुढं दोन्ही गण शांत होतात आणि पाणीवाटपासाठी कायमची लवाद समिती नेमायचं ठरतं. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांबद्दल आपल्या संविधानात कलम २६२ आहे. त्याचा रोहिणीशी सरळ संबंध जोडण्याचा माझा आग्रह नाही. पण हे लिहिणारा माणूस १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होता. दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात आणि ओडिशाच्या नद्यांसाठी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला भरलेल्या परिषदांचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. पुरामुळे हैराण झालेल्या ओडिशाला त्यांनी कटकमध्ये सांगितलं की जास्तीचं पाणी हे संकट समजून समुद्रात ढकलायचं नसतं, ते साठवून वापरायचं असतं. आजच्या केंद्रीय जल आयोगाची सुरुवातही त्याच काळातली. ज्याला शाळेत नळाला हात लावू दिला नाही त्यानं देशाच्या नदीखोऱ्यांचा विचार केला, आणि आपण इंजिनिअर मंडळी वर्षातून एकदा जयंतीला हे बाबासाहेब आठवतो. असो.

वर्गातल्या मुलांना सर्वांत आवडली ती मात्र राजगृहाची गोष्ट. विनयपिटकात आहे. राजगृहाला गरम पाण्याचे झरे होते, तपोदा म्हणत. अजूनही आहेत. भिक्खू तिथं तासन्‌तास अंघोळ करत बसायचे. एकदा बिंबिसार राजा डोकं धुवायला आला आणि भिक्खूंचं होऊ दे म्हणून थांबला. थांबता थांबता रात्र झाली. त्याची अंघोळ झाली तेव्हा नगराचा दरवाजा बंद झालेला! राजाला गावाबाहेर रात्र काढावी लागली. सकाळी तथागतांना हे कळलं आणि नियम झाला की पंधरा दिवसांच्या आत पुन्हा अंघोळ करायची नाही. मुलं खो-खो हसली. एकानं हा नियम आपल्या घरी लागू करण्याचा प्रस्ताव मांडला. पण गोष्टीची पुढची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. उन्हाळ्याचे दिवस, आजारपण, अंगमेहनतीचं काम, प्रवास, वादळ-पाऊस, अशा वेळी अंघोळीला सूट मिळाली. आणि अवंती-दक्षिणापथासारख्या दूरच्या मुलखातल्या भिक्खूंना तर नेहमी अंघोळ करायला परवानगी दिली गेली, कारण तिथल्या लोकांची रीत तशी होती. म्हणजे नियम पाण्याला धरून आहे, तसाच माणसाला आणि जागेलाही धरून आहे. राबणाऱ्याला जास्त पाणी! हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. इथं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवण्याचा कायदा आहे, त्याचीही आठवण दिली.

आणि नदीचं आरोग्य? भिक्खूच्या आठ परिष्कारांमध्ये पाणी गाळायचं फडकं आहे. पाण्यातला जीव आपल्या पोटात जाऊन मरू नये म्हणून ते जवळ ठेवायचं. पाण्यात थुंकू नये, घाण करू नये, असा शिक्षानियम आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागत कुशीनाऱ्याकडे जाताना थकून आनंदाकडे पाणी मागतात. आनंद सांगतो, आत्ताच पाचशे गाड्या ओढ्यातून गेल्या आहेत, पाणी गढूळ झालंय, पुढं ककुत्था नदी आहे. तथागत पुन्हा मागतात, आणि तिसऱ्यांदा आनंद जातो तेव्हा पाणी निवळलेलं असतं. श्रद्धाळू माणूस याला चमत्कार म्हणेल. मी मुलांना सांगितलं की गाड्यांनी उठलेला गाळ खाली बसतो. आज नदीत जे सोडलं जातं ते बसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२२ मध्ये देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रातले. सर्वांत जास्त आपल्याच राज्यात. मुख्य कारण कारखान्यांच्या आधी शहरांचं सांडपाणी. आणि ते सांडपाणी वाहून नेणाऱ्या गटारात उतरून मरणारी माणसं कोण असतात, हे २०१३ चा कायदा झाल्यावरही बदललेलं नाही. नदी स्वच्छ करायचं काम आणि त्या माणसाला गटारातून वर काढायचं काम वेगळं कसं करणार?

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, बरं का. घरी आलो. आणि माझ्या मुलीनं मला विचारलं, “बाबा, बाटलीवाल्या काकांना आपण कागदी पेल्यात पाणी का देतो?”

आमच्याकडे पिण्याच्या पाण्याच्या पाच गॅलनच्या बाटल्या येतात, तुमच्याकडेही येत असतील. एक बिहारी माणूस खांद्यावर घेऊन येतो. उन्हाळ्यात त्याला आम्ही कधीही पाणी विचारल्याशिवाय जाऊ देत नाही. मला याचा अभिमानच होता. त्यासाठी दाराजवळच्या कपाटात कागदी पेल्यांची चवड ठेवलेली आहे. मी तिला म्हटलं, अगं, कोविडपासूनची सवय, स्वच्छतेसाठी. ती म्हणाली, “मग तुमच्या ऑफिसचे मित्र येतात त्यांना काचेच्या ग्लासात का?”

मी गप्प बसलो. त्या माणसाची जात मला माहीत नाही, माझी त्याला माहीत नाही. मी मुद्दाम काही केलेलं नाही. पण माझ्या आजोबांसाठी गावच्या हॉटेलात कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असायची, आणि ती ठेवणाऱ्याला विचारलं असतं तर त्यानंही मुद्दाम काही केलं असं म्हटलं नसतं. तीही सवयच होती. सवय एका घरातून दुसऱ्या घरात कशी येते, समुद्र ओलांडून कशी येते, कळत नाही. विहिरीची गोष्ट मुलांपासून लपवली असती तर माझ्या मुलीला हा प्रश्न पडलाच नसता. त्या पालकांना माझं खरं उत्तर हे आहे, आणि ते मी त्यांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्याकडे मावशी येतात कामाला. त्यांचा ग्लास वेगळा आहे, सर.”

पुढच्या खेपेला मुलीनं बाटलीवाल्या काकांना आमच्या रोजच्या स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. त्यांनी उभ्यानं पिऊन टाकलं आणि सवयीनं कचऱ्याची पेटी कुठं आहे ते पाहू लागले. मग हसले आणि पेला तिच्या हातात दिला.

मुलांना मी यंदा पोस्टर करायला सांगितलेलं नाही. एकच काम दिलं आहे. आजी-आजोबांना फोन करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: तुमचं पाणी कुठून यायचं, ते कोण काढायचं आणि तुम्हाला कुठं उभं राहावं लागायचं. लिहून आणायचं. तुमच्या मुलांनाही हे काम द्या, तुम्ही कुठल्याही देशात असा. आणि उशीर करू नका, ज्यांना हे ठाऊक आहे ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

माझ्या मुलीनं माझ्या आईला फोन लावला, स्पीकरवर. आईनं जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. उन्हाळ्यात मांजरेच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरे खणायचे. हातभर खाली गोड, थंड पाणी लागायचं, वाटीनं घागर भरायची. वाळूच पाणी धरून ठेवायची आणि गाळूनही द्यायची. पण तिथंही वरच्या अंगाला गावाचे झिरे आणि खालच्या अंगाला आपले. आपलं पाणी त्यांच्याकडे जायला नको म्हणून. “नदी कोरडी पडली तरी वाटणी सुटली नाही, बाई,” आई म्हणाली.

मुलीनं विचारलं, “आजी, आता झिरा खणला तर लागेल का गं पाणी?”

“कशात खणशील? वाळूच ठेवली नाही कुणी. ट्रक भरून भरून नेली. आता खाली नुसता खडक आहे, वरच्या अंगालाही आणि खालच्याही.”

मुलीनं ते तसंच वहीत उतरवून घेतलं. येत्या रविवारी ती वर्गात वाचून दाखवणार आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.